चोवीस तासांची शर्यत आणि आडनावाचे स्पेलिंग

आमच्या कंपनीत दरवर्षी हॅकेथॉन होते. हा शब्द आमच्या पुष्कळ वाचकांना नवा असेल, म्हणून आधी त्याचाच उलगडा करतो. यातल्या 'हॅक'चा चोरीशी काही संबंध नाही. चार-पाच माणसांनी एकत्र बसायचे, ठरावीक तासांत एखादी अडचण सोडवणारे सॉफ्टवेअर उभे करायचे आणि ते परीक्षकांपुढे चालवून दाखवायचे, एवढाच त्याचा अर्थ. जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या मोफत संगणक-प्रणालीवर काम करणारे मोजके प्रोग्रामर जमले, तेव्हा हा शब्द वापरात आला. सांकेतिक भाषेतील सॉफ्टवेअर देशाबाहेर नेण्यावर अमेरिकेच्या कायद्याची बंधने होती, म्हणून ही मंडळी अमेरिकेबाहेर बसली होती. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्सने आपल्या परिषदेत असाच उपक्रम केला आणि पुढे कंपन्यांनी ही कल्पना उचलली. आपल्याकडे २०१७ पासून सरकारचे 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' सुरू आहे व त्यात इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले छत्तीस-छत्तीस तास बसतात. म्हणजे आमच्या वाचकांच्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी यात जाऊन आलेली असण्याची शक्यता आहे. तिला विचारून पाहा.

आम्ही हिंजवडीतील एका कंपनीत टेस्टिंगमध्ये आहोत, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणाऱ्या खात्यात. अकरा वर्षांत आम्ही एकदाही हॅकेथॉनमध्ये उतरलो नव्हतो. कारण विचाराल तर कामाचा व्याप सांगितला असता. खरे कारण वेगळे होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाने भरल्या सभागृहात इंग्रजीत पाच मिनिटे बोलायचे, या कल्पनेनेच आमचे पाय गळायचे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र आमच्याच खात्यात नव्याने आलेली लातूरकडची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "सर, तिघे आहोत, चौथा पाहिजे." तिसरा नागपूरचा मुलगा, दुसरा खास पुण्याचा. आम्ही चौथे, वयाने सगळ्यात थोरले आणि कामात सगळ्यात मंद. शुक्रवारी सकाळी अकरा ते शनिवारी सकाळी अकरा काम, आणि नंतर पाच मिनिटांचे सादरीकरण. विषय होता, समाजोपयोगी तंत्रज्ञान.

शनिवार हा आमचा सुट्टीचा दिवस. त्या रात्रीच्या जागरणाचा ना ओव्हरटाइम, ना बदली रजा. पिझ्झा मात्र भरपूर. याला कुणी वेठ म्हणाले तर आम्ही म्हणणार नाही. १९५८ च्या कायद्याने वतने जाईपर्यंत ज्यांच्या आजोबांनी खरी वेठ केली, त्यांनी तो शब्द जपून वापरावा. परंतु कंपनी आपल्याला एवढ्या प्रेमाने पिझ्झा का चारते, याचा हिशेब प्रत्येक कामगाराने मनात ठेवलाच पाहिजे. त्या हिशेबाकडे पुढे येतोच.

विषय निवडायला बसलो. पुण्याच्या मुलाने पार्किंग सुचवले, नागपूरच्याने कचरा. मुलगी गप्प होती. मग ती म्हणाली की तिच्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती अडकली होती, कारण आधार कार्डावर तिच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते आणि कॉलेजच्या नोंदीत दुसरे. एका अक्षराचा फरक. कॉलेजने फी मागितली, वडिलांनी म्हैस विकली. हे आपल्याला सोडवता येईल का? आम्हा तिघांनाही विषय पटला. एवढ्यात ती एकदम म्हणाली, "नको सर, हा विषय नको. सगळ्यांना कळेल."

पुण्याच्या मुलाने भाबडेपणाने विचारले, "काय कळेल?"

तिने उत्तर दिले नाही. आम्हाला ते माहीत होते. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तरी तिथे आपली जात कळू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेली माणसे आहेत, आणि त्यांच्यात आम्हीही होतो. इतरांच्या टेबलांवर गणपती असतो, साईबाबा असतात. आमच्या घरी बाबासाहेबांची भलीमोठी तसबीर आहे. ऑफिसच्या टेबलावर मात्र अकरा वर्षे निवडुंगाची एक कुंडी आहे. निवडुंगाला कुणी जात विचारत नाही.

शेवटी नागपूरचा मुलगा म्हणाला, "कळलं तर कळलं. आपली फी कोणी भरली, ते आपल्याला माहीत आहे ना?" त्याचा मुद्दा बरोबर होता. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याआधी १९४२ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, अशी मागणी केली होती. आज आम्ही ज्या काचेच्या इमारतीत लिफ्टने वर जातो, त्या इमारतीची पहिली पायरी त्या निवेदनात आहे. मुलगी चहा घेऊन आली व म्हणाली, "असू दे सर. घेऊ."

आता चुकांकडे येतो. त्या सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पहिले सहा तास आम्ही वाया घालवले. लॉगिनचे पान केले, निळा रंग की आकाशी यावर वाद घातला, बोधचिन्ह काढले. नागपूरच्याचा आग्रह असा की विद्यार्थ्याने कागदपत्रांचे फोटो टाकावेत आणि संगणकाने त्यावरचे नाव स्वतः वाचावे. टेसरॅक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर मराठी छापील अक्षरे वाचते, हे खरे आहे. स्वच्छ छापलेले पान ते बरे वाचते. पण आपल्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्सची झेरॉक्स, तिच्यावर गोल शिक्का, आणि तो शिक्का नेमका नावावर! संगणकाने त्यातून जे नाव वाचले, ते पृथ्वीवरच्या कोणत्याही भाषेतले नव्हते. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही त्या शिक्क्याशी झुंजलो.

एक वाजता मुलगीच म्हणाली, "फोटो कशाला पाहिजे? ज्याचं नाव आहे तो स्वतः टाइप करेल ना." आम्ही अवाक् झालो. विद्यार्थी शिकलेला आहे. दाखल्यावर काय अक्षरे आहेत ती तो एकेक करून लिहू शकतो. त्याला वाचता येत नाही असे गृहीत धरून आम्ही यंत्राला वाचायला शिकवत होतो! शिवाय फोटो घेतलाच नाही, तर कुणाचे आधार आणि कुणाचा जातीचा दाखला आमच्या यंत्रात राहण्याचा धोकाच उरत नाही. सहा तासांत जे जमले नाही ते एक वाक्य गाळून जमले.

मग खरा प्रश्न पुढे आला. दोन कागदांवरची दोन नावे एकाच माणसाची आहेत, फक्त स्पेलिंग वेगळे आहे, हे संगणकाने ओळखायचे कसे? यासाठी साउंडेक्स नावाची एक जुनी रीत आहे. रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाला १९१८ साली तिचे पेटंट मिळाले आणि पुढे तिकडच्या जनगणनेच्या याद्या लावायला ती वापरली गेली. उच्चार सारखा असलेल्या नावांना ती एकच सांकेतिक आकडा देते. कांबळे हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. साउंडेक्सने त्या सगळ्यांना एकच आकडा दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढचे नाव घातले वाघमारे. इंग्रजीत कुणी ते डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. इथे यंत्र अडले. साउंडेक्स पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे डब्ल्यूचा वाघमारे एक आणि व्हीचा वाघमारे दुसरा. आपल्याला 'व' एकच, साहेबाला दोन. विदर्भातले जाधव शेवटी 'ओ' लावतात, पश्चिम महाराष्ट्रातले 'व्ही'. तेही यंत्राला दोन वेगळे माणूस वाटले. भालेरावांचेही तेच.

दुसरी रीत रशियन गणितज्ञ लेव्हेनश्टाइन याची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे बदलावी लागतात, ते ती मोजते. तिच्याने वाघमाऱ्यांचे भागले. परंतु मग मोरे आणि मोने यांच्यातही एकाच अक्षराचे अंतर निघाले, आणि ते अंतर किती आहे हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा रात्री दोन वाजता मुलीने वही काढली. मराठी ध्वनी कोणता, तो इंग्रजीत कोणकोणत्या अक्षरांनी लिहिला जातो, याचा तक्ता तिने हाताने मांडायला घेतला. 'व'ला डब्ल्यू आणि व्ही, 'श'ला एस किंवा एसएच, 'ई'ला आय किंवा दोनदा ई, 'ळ'ला एल. वसतिगृहातल्या आपल्या मैत्रिणींची आडनावे ती मोठ्याने म्हणायची आणि आम्ही तिघे ती कशी कशी लिहिली जातात ते सांगायचो. गायकवाड, शिंदे, सोनवणे, खरात, साळवे, रणपिसे. पुण्याचा मुलगा मध्येच म्हणाला की त्याच्या घरात पंजोबांपासून एकच स्पेलिंग आहे, त्याला ही अडचण कधी ठाऊकच नव्हती. त्याने हे प्रामाणिकपणे सांगितले आणि आम्हाला ते आवडले. ज्याच्या घरात पहिल्यांदा शाळेत जाणारा अजून जिवंत आहे, त्याचे नाव आधी गुरुजींनी मराठीत लिहिले, मग बोर्डाच्या फॉर्मवर एका कारकुनाने इंग्रजीत, मग आधारच्या केंद्रावर एका ऑपरेटरने घाईत. तीन माणसांनी तीन वेळा बारसे केले, त्याला कुणी विचारले नाही.

या तक्त्याने आमचे काम झाले. सातही कागदांवरची नावे विद्यार्थ्याने भरायची आणि यंत्राने सांगायचे, इथे स्पेलिंगचा फरक आहे, तो आधी दुरुस्त कर, किंवा हा कागदच चुकून दुसऱ्याचा जोडला आहेस. कोणता कागद बदलायचा हेही सांगायचे. सर्वसाधारणपणे दहावीची गुणपत्रिका पाया धरावी आणि बाकीचे तिच्याशी जुळवावे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून त्या दोन संधी जपून वापराव्यात. आणखी एक गोष्ट आम्ही त्यात घातली. पैसे थेट खात्यात येतात, पण ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडला, त्या खात्यात येतात. बापाने कुठे तरी मध्येच दुसरे खाते उघडून दिलेले असते. मुले पासबुक घेऊन एका बँकेत रडत असतात आणि पैसे दुसऱ्याच बँकेत पडलेले असतात. ही एक सूचना बाकी सगळ्या सॉफ्टवेअरहून अधिक उपयोगाची आहे असे आमचे मत आहे.

पहाटे चार वाजता आमच्या हातून मोठा घोटाळा झाला. चौघांचे काम एकत्र ठेवायला गिट नावाची व्यवस्था असते. ती आम्हाला सांगत होती की दुसऱ्याचे काम आणि तुमचे काम एकाच जागी भिडत आहे, आधी पाहा. झोपेने डोळे मिटत असताना आम्ही तिचे न ऐकता आपले काम जबरदस्तीने वर ढकलले, आणि नागपूरच्या मुलाची तीन तासांची मेहनत पुसली गेली. लोकांच्या चुका काढण्यात अकरा वर्षे घालवलेल्या माणसाने हे केले! सुदैवाने त्याच्या लॅपटॉपवर मूळ प्रत शिल्लक होती. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "दादा, तुम्ही आता जरा झोपा." आम्ही खुर्चीतच झोपलो. चारनंतर चालत्या गोष्टीला हात लावू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

सकाळी अपेक्षेप्रमाणे वायफाय कोसळले. पुण्याच्या मुलाने पहाटेच सगळे चालवून त्याचा व्हिडिओ करून ठेवला होता, तो कामी आला. हे शहाणपण कुठून आले विचारले, तर म्हणाला की कॉलेजात दोनदा हरलो आहे.

आता सादरीकरण. बोलायचे मुलीने असे ठरले होते. ऐनवेळी ती म्हणाली, "सर, तुम्हीच बोला, माझं इंग्रजी अडखळतं." आम्ही तिला एकदाही "नाही, तूच बोल" म्हणालो नाही. उलट थोडे सुखावलो. तिने वहीत मांडलेल्या तक्त्याला आम्ही 'आमचा अल्गोरिदम' म्हणालो. ती खाली पाहत बाजूला उभी होती.

एका परीक्षकाने विचारले, याचे मार्केट किती? दुसऱ्याने नमुन्याची यादी पाहून विचारले, ही सगळी आडनावे एकाच तऱ्हेची का आहेत? प्रश्न सरळ होता, त्यात कुत्सितपणा नव्हता. आणि आम्ही काय उत्तर दिले? म्हणालो की हे कुठल्याही विद्यार्थ्याला वापरता येईल, यादी फक्त उदाहरणादाखल आहे. अकरा वर्षांची निवडुंगाची कुंडी आमच्या तोंडून बोलली.

तेव्हा मुलगी पुढे झाली. अडखळत, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत ती म्हणाली की ही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे, माझी अडकली होती, माझ्या वसतिगृहात नऊ जणींची अडकली होती, म्हणून ही त्यांचीच आडनावे आहेत. मार्केट मला माहीत नाही. मी स्वतः वापरणारी आहे. तिच्या इंग्रजीत चुका होत्या. सभागृहात एकही माणूस हसला नाही.

बक्षीस आम्हाला मिळाले नाही. पहिला नंबर कँटीनमधला डोसा तयार झाल्याचे फोनवर कळवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळाला. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. ते आजही चालते व आम्हीही वापरतो. त्यांनी एकच छोटी गोष्ट घेतली आणि पूर्ण केली, आम्ही सहा तास रंग निवडत होतो.

त्या संध्याकाळी लिफ्टपाशी दुसऱ्या खात्यातली एक बाई मुलीला थांबवून हळूच विचारत होती की माझ्या धाकट्या भावाचेही असेच झाले आहे, काय करावे. सोमवारी कँटीनमध्ये कुणीतरी "तुमचं काय बाबा, सगळं फुकट" असेही म्हणाले. ते आम्ही ऐकले आणि या वेळी उत्तर दिले. कोणते, ते इथे छापण्यासारखे नाही. आणि सहा वर्षे आमच्या समोरच्या टेबलावर बसणारा एक मनुष्य, ज्याच्याशी आम्ही क्रिकेटखेरीज कशावर बोललो नव्हतो, तो पाण्याच्या यंत्रापाशी आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "जय भीम." सहा वर्षे! दोघेही एकमेकांपासून लपून बसलो होतो.

राहिला पिझ्झाचा हिशेब. हे सॉफ्टवेअर वसतिगृहातल्या मुलांना द्यावे, म्हणून आम्ही कंपनीच्या कायदा खात्याला पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते. ते सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे आहे, बाहेर द्यायचे तर मंजुरी लागेल. कायद्याने त्यांचे बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या ओघात नोकराने केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, मालकच असतो. शिवाय आमच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत तेच लिहिले होते आणि आम्ही चौघांनी न वाचता सही केली होती. ज्यांना घटनेची कलमे तोंडपाठ आहेत, त्यांनी आपल्या नोकरीचा करार वाचलेला नसतो, ही आमच्या पिढीची गंमत आहे. ज्या मुलामुलींना लोकांच्या उपयोगाचे काही करायचे आहे, त्यांनी हॅकेथॉनला बसण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे की हे मोफत आणि खुले ठेवता येईल का. आधी विचारले तर पुष्कळदा हो म्हणतात. नंतर विचारले तर फाइल फिरते. आमची अजून फिरत आहे.

कॉपीराइट लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर असतो. आडनाव जुळवून पाहा, हा सल्ला कुणाच्या मालकीचा नाही, तो आमच्या आयाबाया कधीपासून देत आल्या आहेत. म्हणून मुलीने संगणकच बाजूला ठेवला. एका पानावर मराठीत सात रकाने आखले. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक. प्रत्येकापुढे चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. खाली चार ओळींत आधारच्या दोन संधी आणि बँक खात्याची सूचना. आम्ही दोनशे झेरॉक्स काढल्या. या खर्चाला कुणाची मंजुरी लागली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका रविवारी आम्ही चौघे पुण्यातल्या एका वसतिगृहात ती पाने घेऊन गेलो. पुण्याचा मुलगाही आला होता, पेनांचा खोका घेऊन. मुले जेवणाच्या हॉलमध्ये मांडी घालून चौकोन भरत बसली. पहिलाच मुलगा वाघमारे निघाला. त्याच्या सात कागदांवर तीन स्पेलिंगे होती, आणि एका ठिकाणी वडिलांचे नाव आडनावाच्या जागी.

मुलीने लाल पेनने तीन गोल केले व विचारले, "आधार आधी कधी बदललंय?"

"हो ताई, एकदा. अकरावीत."

"म्हणजे एकच राहिलं. थांब, सेंटरवर जाऊ नको. आधी दहावीचं मार्कशीट दाखव."